भवानीच्या वेळी अडणारा कॉम्प्युटर

मुलुंडला स्टेशनपासून जरा आत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मरोळच्या कारखान्यातून निवृत्त झालो तेव्हा सगळे म्हणाले, आता आराम करा. आराम मला जमत नाही. शाळा सहावीत सुटली, पण मशीनच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

तर दुकानातला कॉम्प्युटर. सकाळी चालू केला की पडदा झकास यायचा. पण फायलींची ती पिवळ्या फोल्डरांची खिडकी पहिल्यांदा उघडायला गेलं की नुसता पांढरा कागद, आणि वर गोल गोल फिरणारं चाक. चहा मागवून प्यावा इतका वेळ. एकदा उघडली की मग दिवसभर बटण दाबताच हजर. म्हणजे अडकायचं ते नेमकं दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक. माझी भवानी.

आणि ती भवानी ठरलेली. एका वकिलांचे कारकून पेनड्राइव्ह घेऊन शटर वर जायच्या आधीच उभे असायचे. दुकान टाकल्यापासून पहिला पैसा त्यांच्या हातचा. हात चांगला माणसाचा, दिवस बरा जातो.

एका सकाळी ते म्हणाले, "काका, डबा अजून झोपलाय वाटतं तुमचा."

"उठतोय. धीर धरा."

"मला कोर्ट गाठायचंय. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे लगेच निघतं ना."

"मग जा समोर."

गेले की हो. दुसऱ्या दिवशी तर माझ्याकडे वळलेही नाहीत, थेट समोर. मी अगरबत्ती हातात धरून बघत उभा.

रात्री जेवताना सूनबाईला सांगितलं. ती ऑफिसात कॉम्प्युटरवरच असते. म्हणाली, "बाबा, जुना झालाय तो. नवीन घेऊ."

"लेथ अडला म्हणून कुणी नवा लेथ आणतं का?"

"मग सकाळी लवकर जाऊन खिडकी एकदा उघडून ठेवा. तुमचे कारकून आले की पटकन उघडेल."

"ती पळवाट झाली. खोट कुठे आहे ते बघायला नको?"

"बघा की. पण रोज सकाळी एकदाच बघून गणपतीपर्यंत सापडायची नाही. रीस्टार्ट करा. प्रत्येक रीस्टार्टनंतर परत पहिलीच वेळ येते."

"ते ठाऊक आहे मला," मी म्हणालो. ती ताटात बघून हसली. हसू दे.

दुसऱ्या दिवशी दुपारी शटर अर्धं ओढून बसलो. कारखान्यातली आमची रीत अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पेनड्राइव्ह काढला, रीस्टार्ट. चाक फिरतंच आहे. स्कॅनरची वायर काढली, रीस्टार्ट. तेच. डेस्कटॉपवर लोकांच्या पासपोर्ट फोटोंचा ढीग होता तो दुसरीकडे हलवला. तेच. पंख्यातली धूळसुद्धा फुंकली. मला ठसका लागला, त्याला काही झालं नाही.

राहिली त्या खिडकीतली डाव्या बाजूची यादी. तिच्यात तळाला एक खूण, तिच्यावर लाल फुली. दुकानात आतल्या बाजूला पूर्वी दुसरा कॉम्प्युटर होता, त्याच्यातल्या फायली इथून दिसाव्यात म्हणून वायरीने जोडला होता. तो मी केव्हाच भंगारात दिला. फुली मी रोज बघायचो, पण तिला हात लावला नव्हता. कारण कारखान्यात नापास मालावर आम्ही लाल फुली मारायचो, आणि एकदा फुली मारली की त्या मालाकडे कुणी परत बघायचं नाही. विषय संपला. मला वाटलं, कॉम्प्युटरनेही तो विषय संपवलाय.

सूनबाईला फोन लावला. "त्या भंगारात दिलेल्या कॉम्प्युटरच्या खुणेवर लाल फुली आहे, तिचा अर्थ काय गं?"

"म्हणजे तो सापडला नाही, बाबा. पण सोडलेला नाही. पहिल्यांदा खिडकी उघडली की आपला कॉम्प्युटर त्याला शोधत बसतो."

म्हणजे हा रोज सकाळी भंगारात गेलेल्या भावाची वाट बघत बसतोय, आणि माझी भवानी समोर जातेय. तिने सांगितलं तसं उजवं बटण दाबून ते जोडलेलं तोडून टाकलं. रीस्टार्ट. खिडकी उघडली. चाक फिरलंच नाही. खात्री करायला आणखी दोनदा केलं, मग तिसऱ्यांदा मजेसाठी.

सकाळी शटर वर करून रस्त्यातच उभा राहिलो. कारकून समोर वळणार तेवढ्यात हाक मारली. "या हो. आज कोर्टाला उशीर झाला तर पैसे देऊ नका."

ते आले, पण एक पाय बाहेरच. पेनड्राइव्ह लावला, खिडकी उघडली, कागद बाहेर. त्यांनी कागद चाळले, पैसे दिले, पिशवी बंद केली.

मी म्हटलं, "बघितलंत ना?"

"काय?"

आता यांना फुली आणि भंगार कुठून सांगू? म्हटलं, "काही नाही. उद्या या."

"येणारच ना," म्हणत ते रिक्षाच्या मागे धावले. मी नोट कपाळाला लावून गल्ल्यात टाकली.