खिडकीतल्या चपला

नगरपालिकेला उभा होतो तेव्हा प्रचार करत नदीकाठच्या मांजर्लीत तळमजल्यावरच्या एका आजींकडे गेलो. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मी नाला रुंद करण्याचं बोलत होतो, तेवढ्यात त्यांनी दारातल्या माझ्या चपला हातानं उचलून खिडकीत ठेवल्या.

"अहो आजी, हे काय!"

"सवय रे. नदीचं पाणी शिरलं की पहिल्या चपलाच वाहून जातात. तू कुठं राहतोस?"

"इथंच, पलीकडच्या टॉवरमध्ये. सातव्या मजल्यावर."

"बरं केलंस बाबा," त्या अगदी मनापासून म्हणाल्या. टोमणा मारला असता तर परवडलं असतं.

निघताना चपलाही त्यांनीच काढून दिल्या. प्रचारात दिसेल त्याच्या पाया पडत होतो. इथं वाकलो आणि मान वर करवेना.