द्राक्षांच्या खोक्यातलं लोणचं

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सर्व्हेअर काकांइतका फुटक्या वस्तूंवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या नाशकात दुसरा नसेल. प्रवासात कुणाचा माल फुटला, भिजला, चेपला की नुकसान तपासायला विमा कंपनी काकांना धाडायची. धड वस्तूकडे ते ढुंकूनही बघत नसत. गंगापूर रोडवरच्या शोरूमसमोरून जाताना आम्ही काचेमागचा सोफा बघायचो, काका काचेचा कोपरा बघायचे आणि "उतरवताना आपटलीय" असं म्हणून समाधानाने पुढे चालू लागायचे. रुखवतातल्या साखरेच्या तुळशीवृंदावनाचा कोपरा झडलेला व्याह्यांच्या आधी काकांना दिसायचा, आणि तो गाडीत झडला की हॉलमध्ये, हे ते भर पंगतीत जाहीर करायचे. आमच्या घरी कपबशी फुटली की पाचव्या मिनिटाला बेल वाजायची. "तुकडे उचलले नाहीत ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न. कोणाला लागलं का, हा दुसरा.

एकदा त्यांची स्कूटर बंद पडली म्हणून मी त्यांना लासलगावला घेऊन गेलो. कांद्याचा एक ट्रक भिजून परत आला होता. "साहेब, लय पाऊस व्हता. ताडपत्री टाकली व्हती, पन पानी शिरलंच," ड्रायव्हर शपथेवर सांगत होता. काकांनी वरचा एक कांदा हुंगला, मग हात खांद्यापर्यंत खुपसून तळातला एक काढला आणि तोही हुंगला. "वरचे कोरडे, खालचे ओले. पाऊस खालून पडला का रे?" ड्रायव्हरने डोकं खाजवलं. "आदल्या खेपेला बर्फातली मासळी व्हती, साहेब. गाडी धुतली अन् तशीच भरली." व्यापाऱ्याने चहा मागवला, पण काकांनी पिशवीतून स्वतःचा थर्मास काढला. ज्याचा सर्व्हे, त्याच्याकडे पाणीसुद्धा प्यायचं नाही हा त्यांचा नेम. "चहा घशाखाली गेला की पेन घसरतं," असं ते म्हणत. मला हे फार थोर वाटलं. दुसऱ्याच्या बाबतीत थोरपणा मला नेहमीच आवडतो.

त्याच सुमारास मी अंबडला लोणच्याचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे भाड्याचा एक गाळा, चार बायका आणि मालक म्हणून मिरवणारा मी. नागपूरहून पहिली मोठी ऑर्डर आली, ट्रकभर काचेच्या बरण्यांची. मेव्हण्याच्या बागेत हंगामानंतर द्राक्षांची खोकी उरली होती, आणि फुकटच्या वस्तूला मी आजवर नाही म्हटलेलं नाही. आम्हा नाशिककरांचं हे असंच. पुस्तकं, दिवाळीचा फराळ, लेकीचा बाळंतविडा, जे काही परगावी जातं ते द्राक्षांच्या खोक्यातून. हवा खेळती राहावी म्हणून त्या खोक्यांना भोकं असतात. काचेच्या बरणीला हवा कशाला लागते, हा प्रश्न मला पडलाच नाही.

नागपूरच्या व्यापाऱ्याने ट्रकचं दार उघडलं, तळातून गळणारं तेल पाहिलं आणि ट्रक तसाच परत पाठवला. मी विम्याचा दावा लावला. तो मंजूर झाला नाही तर गाळ्याला कुलूप, हे मला पक्कं ठाऊक होतं. कंपनीने सर्व्हे काकांकडे दिला. दावेदार माझ्या डोक्यावरच राहतो, असं काकांनी कंपनीला प्रामाणिकपणे कळवलंही, पण तरी तुम्हीच बघा, असं उत्तर आलं. मी खुशीत पेढे आणले. आपलाच माणूस! रोज संध्याकाळी आमच्याकडे चहाला येणारा! त्या संध्याकाळी मात्र काका आले नाहीत. दुसऱ्या दिवशी गाळ्यावर आले ते थर्मास घेऊनच.

"खोकं कशाचं?"

"पुठ्ठ्याचं," मी म्हणालो.

"ते दिसतंय. कशासाठीचं?"

खोक्यावर छापलेल्या घडावर मी तळहात ठेवला होता.

"हात काढ." त्यांनी खोकं निरखलं. "अरे, घडावर घड आपटला तर द्राक्षं सोसतात. काच कशी सोसेल?"

"पण काका, रस्त्यात खड्डे किती!"

"खड्डे होतेच. पण खड्ड्यांच्या आधी तू होतास."

'पॅकिंग अयोग्य' असा रिपोर्ट गेला आणि दावा फेटाळला गेला. गाळ्याला कुलूप लागलं. मी काकांशी बोलणं टाकलं. जिन्यात ते दिसले की मी विजेच्या मीटरचे आकडे वाचत उभा राहायचो. बायको म्हणाली, "त्यांनी खोटं लिहिलं असतं, तर तुम्ही पुन्हा त्याच खोक्यांतून माल पाठवला असता." मला राग आला, कारण उरलेली खोकी मी माळ्यावर जपून ठेवली होती.

मग एका संध्याकाळी बेल वाजली. "फाईल बंद झाली. सूनबाई, चहा टाक," म्हणत काका आत आले. काखेत एक जाड खोकं होतं, आत पुठ्ठ्याचे कप्पे केलेलं. भरलेलं खोकं कमरेच्या उंचीवरून टाकून कसं पारखायचं, बरणीवर टिचकी मारून तडा कसा ओळखायचा, सगळं त्यांनी शिकवलं. धड बरणी 'टण्ण' वाजते, तडकलेली 'बद्द'. वर्षभराने गाळा उघडला तो त्या शिकवणीवरच.

पुढे काकू गेल्या. लेक काकांना पुण्याला न्यायला आली. सामानाला गडीमाणसं होती, पण काकूंच्या चिनीमातीच्या पाच बरण्यांना काकांनी कुणाला हात लावू दिला नाही. "या तू बांध," ते मला म्हणाले. इतका मोठा मान मला आयुष्यात मिळालेला नाही. मी दोन दिवस बांधत होतो. चौथ्या दिवशी फोन आला. "पाचही धड पोचल्या. एक ओरखडा नाही." मी महिनाभर गाळ्यावर तेच सांगत सुटलो.

पुण्याला भेटायला गेलो तेव्हा बरण्या फळीवर ओळीने मांडलेल्या होत्या. काका स्वतः चहा करायला आत गेले. मी सवयीने टिचकी मारली. चार बरण्या टण्ण वाजल्या. पाचवी बद्द. हळूच फिरवून पाहिलं, तर गळ्यापासून बुडापर्यंत एक रेघ गेलेली, कुणीतरी फार जपून चिकटवलेली, आणि ती बाजू भिंतीकडे केलेली. काका कप घेऊन दारात उभे होते.

"चहा घे. गार होईल," एवढंच ते म्हणाले.

मी बरणी होती तशी भिंतीकडे वळवली. उभ्या आयुष्यात त्यांनी एकच खोटा रिपोर्ट दिला, तो माझ्यासाठी, आणि तोही काकूंच्या बरणीचा. दावा फेटाळला तेव्हा मला रडू आलं नव्हतं. तो चहा पिताना आलं.