हासिंताच्या दाखल्यावर शिकलेली तोमासा

तोमासा बारा वर्षं शाळा शिकली, पण एकाही हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं. ती शिकली हासिंता या नावाने. हासिंता तिची थोरली बहीण. तोमासा जन्मायच्या दोन महिने आधीच ती गेली होती.

लष्कराने गाव जाळलं तेव्हा आईवडील तीन वर्षांच्या हासिंताला पाठीशी बांधून नेबाख गावाच्या वरच्या डोंगरी जंगलात पळाले. उपासाने आणि थंडीने पोर तिथेच गेली. थांबायला सवड नव्हती. बापाने हातांनीच खड्डा उकरला. तोमासाचा जन्म त्याच जंगलातला. सात वर्षांनी ते खालच्या वस्तीत उतरले, तेव्हा बापाच्या सदऱ्यात शिवलेला एकच कागद शिल्लक होता, हासिंताचा जन्मदाखला.

विस्थापितांच्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च परदेशातली माणसं उचलणार होती. नावं लिहून घ्यायला चर्चच्या सिस्टर बेनिग्ना आल्या. दाखला हवाच होता. बापाने तो पुढे केला.

"दहा वर्षांची? ही?"

"डोंगरात वाढली, सिस्टर. काय खाऊन उंच होणार?"

सिस्टरनी आईकडे पाहिलं आणि नाव लिहून घेतलं. चुकून तोंडातून निघू नये म्हणून बापाने घरातही 'तोमासा' म्हणणं बंद करून टाकलं.

स्पेनमधल्या आम्पारो नावाच्या विधवा बाईंनी तिचं शिक्षण पत्करलं. दर मार्चमध्ये त्यांचं वाढदिवसाचं पत्र यायचं. पहिल्या वर्षी त्यांनी स्वतः विणलेला निळा स्वेटर पाठवला. त्याच्या बाह्या तोमासाच्या बोटांच्याही खाली लोंबल्या. आई स्वेटरचे खांदे चिमटीत धरून कितीतरी वेळ बघत राहिली.

"तिला अगदी बेताचा झाला असता," आई म्हणाली.

"कुणाला?" माहीत असूनही तोमासाने विचारलं.

"जा, तोंड धू."

वर्गात ती बाकाच्या कडेला अंग चोरून बसायची. मैत्रिणी चिडवायच्या, "काय गं, नवऱ्यासाठी जागा धरतेस का?" तीही हसायची, पण सरकून बसायची नाही. शाबासकी मिळाली की ती बाकावरच्या रिकाम्या जागेकडे बघायची. कुणीतरी शेजारी बसून ऐकतंय, असं वाटायचं.

ती मास्तरीण झाली त्याच वर्षी मेलेल्यांची ओळख पटवायला डोंगरातले सांगाडे उकरून काढणारी मंडळी आली. एका खड्ड्यात लहान हाडं सापडली, त्यांच्याभोवती लाल पट्टा. पट्टा आईनेच विणलेला होता.

नोंद घेणाऱ्या कारकुनाच्या वहीत या घरची एकच मुलगी होती. तो गोंधळला. "हासिंता मातोम तर जिवंत आहे. शाळेत शिकवते. मग इथे काय लिहू?"

"कोरं ठेवा," बाप म्हणाला.

एरवी चकार शब्द न काढणारी आई उसळली. "तिचं नाव आपण वापरलं. आता तिला मातीतही बिननावाची घालायची?"

"लिहा हासिंता," तोमासा म्हणाली.

"मग तू कोण गं, बाई?" कारकुनाने विचारलं.

तिने सगळं सांगितलं. बाप पुटपुटला, "नोकरी जाईल, वेडे." आणि ती गेलीच. हासिंताच्या नावावरची शिक्षिकेची पदविका अडकली, प्रकरण कोर्टात गेलं.

तिने आम्पारोबाईंना खरं कळवलं. उत्तर आलं, "वाचून मला राग आला. इतकी वर्षं मी कुणाचा वाढदिवस करत होते? तिच्याबद्दल सांग."

सांगण्यासारखं तोमासाकडे काहीच नव्हतं. तिने आईला विचारलं.

"कोंबड्यांना भ्यायची," आई म्हणाली. "आणि कणसाचे केस डोक्यावर घेऊन म्हातारी व्हायची." मग ती कमरेला बांधायचा माग ताणून विणत बसली.

तोमासाने एवढंच लिहून पाठवलं. महिन्याभराने बाईंकडून पाकीट आलं, त्यात न्यायाधीशांच्या नावे पत्र आणि बारा फोटो. दरवर्षी शाळेकडून त्यांना गेलेले. सात वर्षांच्या पोरीपासून मास्तरणीपर्यंत चेहरा एकच. शिकली ती हीच, याचा तेवढाच पुरावा होता.

निकालाला तीन वर्षं लागली. नवा दाखला करताना न्यायाधीशांनी जन्मतारीख विचारली. आईला आठवेना. "मका पिवळा पडत होता. पोरीला पुरून फार दिवस झाले नव्हते," एवढंच ती म्हणाली. न्यायाधीशांनी एक तारीख लिहून टाकली.

त्या दिवशी आईने भोपळ्याच्या पानांत मक्याचं पीठ गुंडाळून बोशबोल केले आणि नेहमीच्या सवयीने हाक मारली, "हासिंता, जेवायला ये."

आईची नजर दाराबाहेर होती. हाक कुणाला, हे न विचारता तोमासा उठली आणि शेजारी जागा सोडून पानावर बसली.