आबांना आणायला गेलो, त्याची गोष्ट

आमचे आबा, म्हणजे आजोबा, मार्गासनीला एकटे राहत होते आणि त्यांची तब्येत उत्तम होती. आजारी होतो आम्ही, भोरला राहणारी सगळी माणसं! काळजीनं.

आजी जाऊन दोन वर्षं झाली होती. वडील दर महिन्याला जाऊन "आबा, भोरला चला," म्हणत. आबा दर महिन्याला "बगू" म्हणत आणि भाताचं गाठोडं देऊन त्यांची बोळवण करत.

अशात एका बाजाराच्या दिवशी मार्गासनीचा एक माणूस घरी डोकावला. आईनं विचारलं, "आमचे मामंजी बरे आहेत ना?"

"बरं हायती की. काल भरदुपारी पडून हुते, येवढंच."

येवढंच! जन्मात दिवसा पाठ न टेकणारा माणूस भरदुपारी पडून! आईच्या हातातली परात खाली गेली. आत्या तर रडायलाच बसली. (आत्याला रडायला कारण लागतच नसे. इथं तर मिळालं होतं.)

"सदा, आत्ताच्या आत्ता नीघ आणि त्यांना घेऊनच ये," वडील म्हणाले.

मी तेव्हा कचेरीत कारकून होतो. वय सव्वीस, अंगात कोट. मोटारीनं नसरापूर गाठलं, पुढं बैलगाडीनं मार्गासनी. घरासमोर येतो तर दाराला आतून कडी!

"आबा! ओ आबा!"

आत चिडीचूप. मी दार ठोठावलं, मग बडवलं. फटीतून पाहिलं, तर खाटेवर घोंगडीखाली कोणीतरी लांब पसरलेलं! लहानपणी ज्यांच्या खांद्यावर बसून नदी ओलांडली, ते आबा आत असे पडलेत आणि मी बाहेर कोट घालून उभा!

मग मी विचार केला. (इथंच चुकलं.) गोठ्याच्या भिंतीवरून छपरावर चढलो, चार कौलं सरकवली आणि वाकून हाक मारायला गेलो. पाचवं कौल आपणहून सरकलं. मागोमाग मीही!

खाली भाताची कणगी होती. बांबूची, शेणानं सारवलेली, माझ्यापेक्षा उंच. तिनं मला झेललं आणि मला घेऊन आडवी झाली. घरभर भातच भात, वर कौलांचा चुरा आणि मध्ये मी, पायाचा घोटा धरून! खाटेवर पाहतो तर घोंगडीखाली लांबलचक पोती.

तेवढ्यात डोक्यावर पेंढ्याचा भारा घेऊन आबा मागल्या दारानं सरळ आत आले.

"कोन हाय रं तितं?"

"मी... सदा."

आबांनी भारा खाली ठेवला. छपराकडं पाहिलं, कणगीकडं पाहिलं, शेवटी माझ्याकडं.

"मागलं दार उगडंच हुतं की रं!"

"तुम्ही काल दुपारी पडून होता म्हणे!"

"पार येल्हे गावाला चालत जाऊन आल्तो. जरा पाठ टेकली. का, टेकू न्हाई?"

घोटा भोपळ्याएवढा सुजला. आबांनी आंबेहळदीचा लेप लावला, छपरावर चढून कौलं बसवली, भात झाडून भरलं. मी खाटेवरून "सांभाळून, आबा!" असं ओरडून मदत करत होतो.

तिसऱ्या दिवशी माझा पत्ता नाही म्हणून आई, वडील आणि आत्या बैलगाडी करून आले. आत्यानं दारातूनच खाटेवरची घोंगडी पाहिली आणि "आबाऽऽ!" म्हणून असा टाहो फोडला, की आळी गोळा झाली. मी घोंगडीतून तोंड काढलं. चुलीपुढून आबा म्हणाले, "रडतीस कशापायी? भाकरी खा."

आबा भोरला आले, पण माझ्यासाठी! "ह्येला सोडवंना," म्हणाले आणि रोज दंडाला धरून मला कचेरीत पोचवू लागले. हेडकारकुनांनी एकदा कौतुकानं विचारलं, "आबा, या वयात एकटं राहायची भीती नाही वाटत?"

"एकला हुतो तवर न्हाई वाटली," आबा म्हणाले, "ह्यो आला आन कौलं गेली."

सबंध कचेरी हसली. मी हसलो नाही. हसलं की घोटा दुखायचा.