परवाचं पाणी

तिच्याकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते तिच्या फळा पुसण्यामुळे. पाणीपुरवठा कार्यालयाच्या फाटकाशी, दोन खांबांवर टांगलेल्या काळ्या फळ्यासमोर ती उभी होती आणि डस्टर वरून खाली, वरून खाली असं सरळ ओढत होती. आडवंतिडवं पुसलं की भुकटी उडते आणि फळा पांढुरका होतो, हे शाळेत जन्म काढलेल्यांच्याही पुष्कळदा लक्षात येत नाही. पुसून झाल्यावर तिनं ओल्या फडक्यानं कडा टिपल्या, मागं सरून एकदा पाहिलं आणि लिहिलं : ‘आज पाणी येईल, पण गढूळ. पहिली बादली झाडांना घाला.’

त्या फळ्यावर असली भाषा कुणी वाचलेली नव्हती. आधी तिथं वर्षानुवर्षं ‘तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा अनियमित व कमी दाबाने होईल, नागरिकांनी नोंद घ्यावी’ असं असायचं. नागरिक नोंद घ्यायचे, म्हणजे मान वर न करता पुढं जायचे.

कार्यालयात तिला सगळेच ताई म्हणत, वयानं मोठे असलेले फिटरदादासुद्धा. नवरा गेल्यावर ती त्याच्या जागी नोकरीला लागली होती. फळा आणि फोन ही दोन कामं कुणालाच नको होती, कारण फोनवर शिव्या खायच्या आणि फळ्यापाशी खडू. ती तिच्या गळ्यात पडली आणि कार्यालयाला वाटलं, बरं झालं. ताईला मात्र थोड्याच दिवसांत वाटायला लागलं की आपल्याला चांगलंच काम मिळालंय. घरी सासूबाई सोडल्या तर बोलायला कुणी नव्हतं. इथं सगळी वस्ती रोज तिला विचारत होती आणि ती उत्तर देत होती.

तिचा एक ठाम समज होता : तारीख कुणी वाचत नाही. माणसं आज, उद्या, परवा यांत जगतात, म्हणून लिहायचं तेही तसंच. दुसऱ्या दिवसाचा मजकूर ती आदल्या संध्याकाळी सासूबाईंना वाचून दाखवी. सासूबाईंनी ‘म्हणजे काय गं?’ म्हटलं की वाक्य बदलायचं. नुसत्या हुंकारल्या की वाक्य पास.

“तुझा साहेब मला पगार का देत नाही?” सासूबाई विचारत.

“तुमच्या शिक्षणाचे दाखले मागतील.”

“मग राहू दे.”

दोघींचं असं बरं चाललं होतं.

त्या आठवड्यात सोमवारी पंप बिघडला आणि सकाळभर कुणाच्या नळाला थेंब आला नाही. ताई त्या दिवशी रजेवर होती, सासूबाईंना घेऊन मामेबहिणीकडं गेली होती. परत आली तेव्हा पंप सुरू झाला होता, फोनवरची ओरड थंडावली होती आणि झाल्या गोष्टीचं पुराण तिला सांगायला कुणी बसलं नाही. तिच्यापुढं वेगळंच काम होतं. शुक्रवारी मुख्य वाहिनीचा सांधा बदलायचा होता आणि दिवसभर पाणी बंद राहणार होतं.

फोनवर एक आजोबा तिला नेहमी म्हणत, “तुम्ही लोक पाणी तोडता ते तोडता, कधी चुकूनसुद्धा माफी मागत नाही.” ते तिला लागलं होतं. म्हणून या खेपेला तिनं माफी आधी मागायची ठरवलं. बुधवारी सकाळी तिनं सुबक अक्षरात लिहिलं : ‘परवाच्या पाणीबंदीबद्दल दिलगीर आहोत. मुख्य वाहिनीची दुरुस्ती. पाणी जपून वापरा.’

आदल्या संध्याकाळी सासूबाई यावर हुंकारल्या होत्या. हुंकारणारच, कारण शुक्रवारी पाणी नाही हे त्यांना जेवताजेवताच कळलेलं होतं.

बाकी वस्तीला ते माहीत नव्हतं. वस्तीनं बुधवारी फळा वाचला, परवाचा म्हणजे सोमवारचा कोरडा नळ आठवला आणि सगळ्यांना भरून आलं. कार्यालयानं चक्क माफी मागितली होती. लोक एकमेकांना बोलावून फळा दाखवत होते. “सुधारले म्हणायचे,” असं कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला दोन-तीन गिऱ्हाइकांना म्हणाला. ‘पाणी जपून वापरा’ हे शब्द तर तिथं कायमचेच असत, त्यांच्याकडं पाहायचं कारण नव्हतं. ‘दुरुस्ती’ म्हणजे झालेली दुरुस्ती, असं सगळ्यांनी धरलं.

प्रसूतिगृहाच्या मेट्रनबाईंनीही तेच धरलं. त्या कडक, टापटिपीच्या बाई. वाहिनी दुरुस्त झालीये, आता पाणी स्वच्छ येईल, तर गच्चीवरची मोठी टाकी धुऊन घ्यावी असा त्यांनी विचार केला. गुरुवारी संध्याकाळी टाकी रिकामी करून घासूनपुसून लख्ख केली. सकाळच्या पाण्यानं ती भरणार होती.

शुक्रवारी सकाळी नळ नुसता फुसफुसला. आत एक बाई अडलेली, दुसरीला कळा सुरू झालेल्या, आणि गच्चीवर लखलखीत कोरडी टाकी. मेट्रनबाईंनी इस्त्रीवाल्याकडून हंडे मागितले, शेजारच्या बेकरीतून पिंपं आणवली, आयांना जिन्यावर उभं करून हातोहात पाणी चढवलं. दोन्ही बाळंतिणी सुखरूप सुटल्या. मग मेट्रनबाई हात पुसून थेट कार्यालयात आल्या.

“फळा कोण लिहितं?”

“मी,” ताई उभी राहिली.

“परवा म्हणजे कधी?”

“आज.” हे म्हणतानाच काय घोटाळा झाला ते ताईला दिसलं. ती खिडकीतून फळ्याच्या पाठीकडं बघत राहिली, जणू अक्षरं मागूनही वाचता येतील.

“मी सोमवार समजले. सगळे सोमवार समजले. तुम्ही एक वार लिहिला असता तर बोट झिजलं असतं का?”

फिटरदादा मधे पडले. “बाई, बोली भाषेत होतं असं कधी कधी. ताईंचा हेतू—”

“दादा, नको,” ताई म्हणाली. “चूक माझीच आहे.”

“आहेच,” मेट्रनबाई म्हणाल्या आणि तक्रार देऊन गेल्या.

साहेब वाईट माणूस नव्हते, पण भित्रे होते. त्यांनी ताईला समोर बसवून सांगितलं की सोमवारपासून फळा आणि फोन शिपायाकडं जाईल, मजकूर ते स्वतः देतील, आणि ताईनं मागच्या नकाशांच्या खोलीत बसून जुने नकाशे लावायचे. “वरून विचारणा व्हायच्या आधी आपण काहीतरी केलेलं दिसलं पाहिजे,” ते म्हणाले. ताई ‘बरं’ म्हणाली. दुसरं काही बोलली असती तर रडू आलं असतं, आणि साहेबांपुढं रडायचं नव्हतं.

फळ्यावर ‘तांत्रिक कारणास्तव’ परत आलं. वस्तीत तिचं नाव परवाताई पडलं. बाजारात भाजीवाली म्हणे, “परवाताई, ही मेथी आजची आहे बरं का.” ती हसून घेई. घरी सासूबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, “जेवायला आज वाढतेस की परवा?” ताई हसली नाही. सासूबाईंनी तो विनोद पुन्हा केला नाही. संध्याकाळ झाली की मात्र त्या सवयीनं पदराशी चाळा करत बसून राहत, काही वाचून दाखवायची वाट बघत असल्यासारख्या.

नकाशांच्या खोलीत फोन ऐकू येई, हेच तिला सगळ्यात जड जात होतं. घंटा वाजायची, शिपाई उचलायचा आणि सांगायचा, “साहेब आल्यावर विचारा.”

एका दुपारी घंटा वाजतच राहिली. साहेब बैठकीला गेले होते, शिपाई चहाला. ताई जराशी घुटमळली आणि जाऊन तिनं फोन उचलला. फिटरदादा होते.

“कोण, ताई? बरं झालं. प्रसूतिगृहाच्या कोपऱ्यावर वाहिनी फुटलीये. रस्त्यावर तळं झालंय. मी बंद करतोय. रात्रीपर्यंत काही खरं नाही.”

फळ्याला हात लावायचा नाही असा हुकूम होता. फोनचाही तोच होता, पण तो तर तिच्या हातातच होता. तिनं प्रसूतिगृहाचा नंबर फिरवला.

“मेट्रनबाई, पाणीपुरवठ्यातून बोलतेय. पाणी बंद होतंय.”

पलीकडं आवाज ओळखला गेला. “कधी? परवा?”

“आत्ता. आपण बोलतोय तोवर बंद होईल. टाकीत किती आहे?”

“अर्धी असेल.”

“असेल नको. कुणाला तरी वर पाठवून बघून घ्या. मी थांबते.”

थोड्या वेळानं मेट्रनबाई परत आल्या. “पाणी अर्ध्याच्या बरंच खाली आहे.”

“मग धुणं थांबवा. आज रात्रीपर्यंत नळाला पाणी नाही असं धरून चाला. आता मी काय सांगितलं ते मला सांगा.”

“मी काय शाळेत आहे?”

“सांगा ना, बाई.”

मेट्रनबाईंनी सांगितलं. “आज. रात्रीपर्यंत. धुणं बंद.” मग ताईनं बेकरीला फोन केला आणि त्यांच्याकडूनही तेच वदवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाई कार्यालयात आल्या तेव्हा साहेब पाहूनच खुर्चीतून अर्धे उठले.

“तक्रार मागं घ्यायला आलात का?”

“नाही. ती खरी आहे, राहू दे. फोन मात्र त्या बाईकडं द्या.”

“पण गोंधळ तिनंच घातला होता.”

“म्हणून तर. तुम्ही सगळे सांगून मोकळे होता. ती समोरच्याला काय कळलं ते विचारून घेते. पूर्वी विचारत होती का?”

साहेबांनी दारात येऊन उभ्या राहिलेल्या ताईकडं पाहिलं. “घरी विचारायचे,” ताई म्हणाली. “एकीलाच. आणि तिला सगळं आधीच ठाऊक असायचं.”

साहेबांनी फोन तिच्याकडं दिला. फळा दिला नाही. फळ्यावरचं लोकांच्या डोळ्यांसमोर राहतं, त्यावर माझी सही लागते, असं त्यांनी सांगितलं, आणि ताईनंही तो विषय पुन्हा काढला नाही. तेव्हापासून जो फोन करतो त्याला ती वार आणि तारीख दोन्ही सांगते आणि त्याच्याकडून परत म्हणवून घेते. काही जण चिडतात. ते आजोबा तर म्हणाले, “माफी मागितलीत तेव्हाच बरं होतं.”

सध्या ती सकाळच्या पाळीला फोनवर असते. फळा शिपाई लिहितो.