पाहुण्यांच्या सपाता

शिहो चालायला लागली की माझं डोकं उठायचं. कानाला हेडफोन, हातात माइकची काठी, समोर सहावीची मुलं तोंडातून अक्षर न काढता फरशी पुसताहेत, ओल्या फडक्यांचा आवाज स्वच्छ येतोय, आणि मध्येच फटक्, फटक्. सपाता घालून, कॅमेरा घेऊन मागे सरकणारी आमची दिग्दर्शिका.

"बाई गं, ते पायातलं काढ."

"काढते, कुरानिशीसान. ओरडू नका."

मग ती नुसत्या मोज्यांवर त्या गारठलेल्या फरशीवर उभी राहायची.

तोक्योच्या पश्चिमेला, डोंगर सुरू होतात तिथल्या त्या प्राथमिक शाळेत आम्ही वर्षभर माहितीपट करत होतो. दाराशी बुटांच्या कप्प्यांची भिंत. बाहेरचे बूट तिथे ठेवायचे, नाव लिहिलेले आतले पांढरे बूट घालायचे. मुलं, मास्तर, स्वयंपाकाच्या बाया, सगळ्यांना कप्पा. बाहेरून येणाऱ्यांना टोपलीतल्या हिरव्या सपाता.

"चौकात मिळतात पांढरे बूट," मी एकदा वैतागून म्हणालो. "आण की एक जोड."

"आणेन हो. ठेवू कुठे? कप्पा काही दुकानात मिळत नाही."

ते खरं होतं. आणि शिहो याच शाळेत शिकली होती, हे तर त्याहून खरं. आई इथली, बाप स्कॉटलंडचा. सहावी संपली आणि घर तिकडे गेलं. आता माहितीपटाला पैसे देणारे तिकडचे लोक फोनवर विचारायचे, "तुमच्याकडे मुलांची यंत्रं बनवतात, ते दाखवणार ना?" इकडचे पालक विचारायचे, "तुमच्याकडे मुलं वर्ग पुसत नाहीत म्हणे?" दोन्हीकडे तिच्या वाट्याला 'तुमच्याकडे'च. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं. चाळिशीतच ती म्हातारीसारखी दमलेली दिसायची, आणि मला तिची फार दया यायची.

एकदा पहिलीतल्या कोतोनेनं तिला विचारलं, "काकू, तुमचा कप्पा कुठला?"

शिहोनं तिसऱ्या ओळीकडे बोट केलं. "तो."

"खोटं! तिथे रेन्तारोचे बूट आहेत. घाण वास येतो त्यांना."

"माझ्याही बुटांना यायचा," शिहो म्हणाली.

उपमुख्याध्यापक मुनाकाता सेन्सेई हा देवमाणूस. शाळा उघडणारे तेच, बंद करणारेही तेच. डोळे खोल गेलेले. "मी इथलीच," असं शिहोनं पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं होतं. त्यावर ते आणखी खाली वाकले आणि सकाळच्या परिपाठाला मुलांना म्हणाले, "परदेशातून आलेल्या आपल्या मोठ्या पाहुण्या."

सहावीचा निरोप समारंभ झाला, मुलं रडून घरी गेली, आणि सेन्सेईंनी आम्हाला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. दोन्ही हातांनी एक खोका पुढे केला. कागदाची घडी इतकी नेटकी की उलगडायला जीव होईना.

"वर्षभर बघत होतो," ते म्हणाले. "थंड फरशीवर तुम्ही नुसत्या मोज्यांवर. फार वाईट वाटायचं हो."

खोका बुटांच्या मापाचा होता. शिहो हळूच कागद सोडवायला लागली. म्हटलं, चला, कुणाच्या तरी लक्षात आलं एकदाचं.

आत लाल सपाता होत्या. उंची, आतून लोकरीच्या. वर सोनेरी धाग्यानं विणलेलं: 'सन्माननीय पाहुणे'. खाली तिचं नाव.

"खास करवून घेतल्यात. कधीही या. या दुसऱ्या कुणाला देणार नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर इतकं निर्मळ समाधान होतं की रागवायचं तरी कुणावर? शिहो कमरेत वाकली, बराच वेळ वाकून राहिली. "फार आभारी आहे, सेन्सेई." त्यांच्यासमोरच तिनं त्या पायात घातल्या.

शेवटचा एकच शॉट राहिला होता, रिकाम्या व्हरांड्याचा. आतून लोकर असली तरी टाच मोकळीच, आवाज तोच.

"शिहो, काढ त्या."

"आज नको, कुरानिशीसान. दमले मी काढून काढून."

कॅमेरा तिवईवर लावून ती स्वतःच त्याच्यासमोरून चालत निघाली. व्हरांडा ओलांडून, दाराशी, कप्प्यांच्या तिसऱ्या ओळीपर्यंत. फटक्, फटक्. वर्षभरात पहिल्यांदाच मी माइक तिच्या पायांकडे वळवला.