सिंचनाला पाजलेलं दूध

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हासुद्धा एवढं सोडून बाकीचं सगळं सांगितलं. खरं तर माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, घरात कुणालाही विचारा. मग हेच कसं इतकी वर्षं आत राहिलं? तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि माझ्या कन्नडचं कौतुक करणाऱ्यांपैकी तर नक्कीच नाही.

हो, कन्नड. तिथूनच सुरुवात करावी लागेल.

मी सांगलीची. नवऱ्याची नोकरी म्हैसूरला, म्हणून तिथल्या हूटगळ्ळी भागात नव्या घरांच्या ओळीत आम्ही राहायला आलो. इथली आमची मराठी मंडळी वर्षानुवर्षं "गोत्तिल्ला"वर, म्हणजे "माहीत नाही"वर भागवतात. मी मात्र भाजीवाल्याशी हुज्जत घालत, रिक्षावाल्याशी भांडत कन्नड शिकले. गणपतीच्या जेवणाला वाढप्यांशी बोलायचं झालं की बायका मला पुढे करायच्या. "अहो, हिचं ऐका, अगदी इथलीच वाटते!" मी वरवर नको-नको म्हणायची, आणि आतून — काय सांगू, दोन बोटं उंच व्हायची. तेव्हा मला कुणी चूक दाखवली असती तर मी आठवडाभर त्या माणसाशी बोलले नसते. असा माझा स्वभाव. अजूनही फारसा बदललेला नाही.

त्याच कन्नडच्या जोरावर मी एका छोट्या गटात काम करायला लागले. लहान मुलांच्या दंडाला एक रंगीत पट्टी लावून बघतात, ठाऊक असेल तुम्हाला. हिरवं आलं तर ठीक, पिवळं आलं तर मूल खंगतंय, लाल आलं तर फारच. ताप नाही, सूज नाही, मूल खातंय, असं डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं की त्या मुलाला दवाखान्यात ठेवायची गरज नसते. घरातच, आईच्या हातून, नीट भरवून ते वर येतं. आम्ही घरी जाऊन तेवढंच दाखवायचो. नाचणीचं भाजलेलं पीठ, शेंगदाण्याचं कूट, गूळ, वर चमचाभर तेल. घट्ट शिजवायचं, चमचा तिरपा केला तरी पडता कामा नये. पोट एवढंसं असतं हो त्यांचं. त्यात पाणीच भरलं तर अन्नाला जागा कुठून राहणार?

हे सगळं मला पाठ होतं. म्हणून तर —

थांबा. आधी सिंचनाबद्दल सांगते.

सिंचना हे मुलीचं नाव. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं, आपल्याकडे हे पाटबंधारे खात्याचं नाव झालं असतं. इकडे लाडाचं नाव आहे. दीड वर्षाची, पण उचलली तर हातात काही आलंय असं वाटू नये. डोळे तेवढे मोठे. आमच्या घरांच्या मागे पत्र्याच्या खोल्या होत्या, त्यातल्या एकीत ती, आई मंजुळा आणि बाप असे तिघं. बाप गवंडीकामाला, मंजुळा सकाळी चार घरची भांडी घासायला. सासू बन्नूरच्या बाजूला गावी. मंजुळा विशीतली असेल. मी दारात दिसले की "बन्नी अक्का, बन्नी," या ताई या, करत चटई झटकायची. नाचणी भाजल्याचा वास त्या खोलीत कायम असायचा. सिंचना माझ्या मांडीत बसून माझ्या ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरायची आणि तशीच झोपून जायची. मग मी मूठ सोडवत नसे. उशीर झाला तर झाला. माझ्या स्वतःच्या घरात मला इतकं निवांत कधी वाटलं नाही — हे वाक्य लिहायला नको होतं, पण खरं आहे.

पहिल्या दिवशी मंजुळाने माझ्यासमोर ही नाचणीची पेज शिजवली, छान घट्ट झाली. पण तिला कामावर पळायचं होतं. ती घास कोंबायला लागली, पोरीला ठसका लागला. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "हळूहळू कोडी, मंजुळा. हळूहळू."

"कोडी" म्हणजे द्या, भरवा. हे कन्नड. आणि "हळूहळू"? हळूहळूला कन्नडमध्ये निधानवागी म्हणतात. मला येत होता की तो शब्द! पण मूल ठसकलं तेव्हा तोंडातून आलं ते माझ्या आईच्या भाषेतलं, मराठी. पुढे माझी ती सवयच झाली. निघताना दरवेळी दारातून बोट दाखवून, "हळूहळू कोडी, आं?" आणि मंजुळा मान डोलवायची. मला कसलं भारी वाटायचं, कसं समजतंय हिला माझं बोलणं.

कन्नडमध्ये दुधाला "हालु" म्हणतात.

कळलं ना? तुम्हाला एका ओळीत कळलं. मला कळलं नाही.

तिने काय ऐकलं असेल? अक्का पेज दाखवतात, पण जाताना दरवेळी बजावतात ते दूध. एकदा नाही, दोनदा म्हणतात, हालु-हालु. म्हणजे दूधच महत्त्वाचं. मंजुळा दुधाची पिशवी आणायची, दिवसभर पुरावी म्हणून पाणी घालून वाढवायची, आणि पोरीला वाटी-वाटी पाजायची. स्वतःची सकाळची कॉफी तिने बंद केली होती, ती बिनदुधाची पीत नसे. सिंचनाचं पोट त्या पाणीदार दुधाने टम्म. पेजेचा चमचा दिसला की ती तोंड फिरवायची. मला वाटायचं, आज मूड नाही पोरीचा. मी विचारायची, "कोडतीया?" देतेस ना? ती म्हणायची, देते अक्का. आम्ही दोघीही खरंच बोलत होतो.

पट्टी पिवळ्यावरून हिरव्याकडे जायला हवी होती, ती लालकडे सरकली. डॉक्टरबाई स्वतः आल्या. त्या दिवशी नेमकी सासूही गावाहून आलेली. खोलीत आम्ही सगळ्या दाटीवाटीने बसलो होतो, सिंचना माझ्या मांडीत. डॉक्टरबाईंनी मंजुळाला शांतपणेच विचारलं, काय काय देतेस? मंजुळाने सांगितलं. अगदी अभिमानाने सांगितलं, ते मला विसरता येत नाही. "अक्का हेळिदरु, हालु-हालु कोडी अंत." अक्कांनी सांगितलं, दूध-दूध द्या म्हणून.

त्याच क्षणी सगळं समजलं — माझाच आवाज, माझंच बोट दाखवणं, सगळं. डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. तुम्ही दूध सांगितलंत?

खरं बोलले असते तर काय झालं असतं? काही नाही हो! डॉक्टरबाई हसल्या असत्या. मंजुळाही हसली असती, पदर तोंडाला लावून. दुसऱ्या दिवसापासून पेज सुरू झाली असती. फार तर गटात एक किस्सा झाला असता, मराठी अक्कांच्या कन्नडचा. बस, तेवढाच किस्सा मला नको होता.

मी म्हणाले, "नाही. मी पेजच सांगितली. करूनही दाखवली. ही ऐकतच नाही."

एवढंही पुरलं असतं. पण मी पुढे म्हणाले — हे मी मनातसुद्धा पूर्ण कधी म्हटलेलं नाही — मी म्हणाले, "दूध पाजलं की काम उरकतं ना हिचं." आणि हे सगळं अगदी स्वच्छ, बिनचूक कन्नडमध्ये. तेव्हा बरं एकही शब्द चुकला नाही.

सासूला तेवढंच हवं होतं. आधीच सुनेवर तिचा विश्वास नव्हता. ती मंजुळाला नको-नको ते बोलली, शिवाय खोटारडी म्हणाली. मंजुळा माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, मला वाटतं ती वाट बघत होती. मी सिंचनाच्या केसांत बोटं फिरवत बसले.

दुसऱ्या दिवशी सासू नातीला गावी घेऊन गेली. आमच्याच गटातल्या एकीने तिकडे जाऊन तिला पेज शिकवली, आणि सिंचना सुधारली. हो, सुधारली, छान बाळसं धरलं. सगळ्यांनी म्हटलं, बघा, भरवणारं माणूस नीट हवं. मंजुळाच्या नवऱ्यालाही पटलं ते. पोरीला परत आणायचा विषय निघाला की तो म्हणायचा, तुझ्याकडे आणून पुन्हा काय वाळवायची? मंजुळा रविवारी बन्नूरची बस धरून जायची आणि संध्याकाळी परत यायची.

एका रविवारी बस थांब्यावर ती मला भेटली. मीच टाळत होते, पण तिने हाक मारली. तिच्या हातातल्या डब्यात पेज होती, घट्ट, तेल तरंगणारी. म्हणाली, सिंचना आता आजीलाच अव्वा म्हणते, आई म्हणते. आजी मला "मंजी" म्हणून हाक मारते ना, तर तीही मला मंजीच म्हणते. हे सांगताना हसली. मग माझा हात धरून म्हणाली, "अक्का, मी खोटं नव्हते बोलले. मला खरंच तसं ऐकू आलं होतं. माझ्या कानाचाच दोष असेल."

बस यायची होती. भरपूर वेळ होता. कन्नडही होतं. मी काय केलं? मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "असू दे, होतं असं." मी तिला माफ केलं! अहो, मी — तिला! आणि तिचा चेहरा उजळला. बसमध्ये चढताना तिने मला हात केला.

त्यानंतर मी ते काम सोडलं. घरी सांगितलं, गुडघे दुखतात. पत्र्याच्या खोल्या पाडून तिथे इमारत उभी राहिली, आणि मंजुळा कुठे गेली ते मला माहीत नाही. शोधलं का? नाही शोधलं. मला त्या दोघींची फार आठवण येते. नाचणी भाजायला घेतली की जीव तुटतो. ओढणी कुठे अडकली तर मी क्षणभर ती सोडवत नाही, तशीच उभी राहते. ती खोली मला परत हवी आहे, ती चटई, ते "बन्नी अक्का". या ओढीवर माझा काही हक्क नाही, तरी ती जात नाही. मंजुळाची स्वतःच्या लेकीसाठीची ओढ किती असेल, तिथवर मी विचार नेतच नाही. नेला की उठून काहीतरी काम काढते.

सिंचना आता शाळेत जात असेल. आजीने तिला सांगितलं असेल, तुझ्या आईला तुला भरवता येत नव्हतं, म्हणून तुला इकडे आणलं.

तिला येत होतं.